एका मोबाईलची प्रयोगशाळा: शाळेच्या अंगणात मोजून शिकण्याची रीत

नववीच्या विज्ञानात ध्वनीचा अभ्यास येतो. हवेतील ध्वनीचा वेग फळ्यावर लिहिला जातो, वहीत उतरतो, परीक्षेत पुन्हा एकदा लिहिला जातो आणि विसरला जातो. तोच आकडा दोन मोबाईल, एक टेप आणि दोन विद्यार्थी यांच्या आधारे अर्ध्या तासात शाळेच्या अंगणात स्वतः काढता येतो, हे मला नोकरीची बारा-तेरा वर्षे उलटल्यावर कळले. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. आमच्याकडे प्रयोगशाळेची स्वतंत्र खोली नाही; एक कपाट आहे, त्यात दोन लोहचुंबक, एक फुटकी परीक्षानळी आणि काही तराजूची वजने आहेत. मोबाईल मात्र जवळपास प्रत्येक घरात आहे. तो आतापर्यंत आपण शिकवण्याचा पडदा म्हणून वापरला, म्हणजे व्हिडिओ लावला आणि मुलांना पाहायला सांगितले. माझा आग्रह असा आहे की त्याच्याकडे आधी मोजमापाचे साधन म्हणून पाहावे, कारण पाहून कळलेले आणि मोजून कळलेले यांत फार अंतर असते. ते कसे करावे, हे शिक्षकांसाठी आणि घरी मुलांबरोबर बसू इच्छिणाऱ्या पालकांसाठी पुढे सविस्तर मांडले आहे.

सुरुवातीची तयारी

साध्यातल्या साध्या स्मार्टफोनमध्येही ध्वनी टिपणारा मायक्रोफोन आणि हालचाल टिपणारा त्वरणमापक असतोच. बऱ्याच फोनमध्ये चुंबकत्व आणि प्रकाश मोजणारे सेन्सर असतात, आणि काही थोड्या फोनमध्ये हवेचा दाब मोजणाराही असतो. आपल्या फोनमध्ये काय आहे हे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे ‘फायफॉक्स’ हे ॲप उतरवून घेणे. जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठात भौतिकशास्त्राच्या शिक्षणासाठी ते तयार झाले. ते मोफत आहे, आणि एकदा उतरवले की पुढे इंटरनेटशिवाय चालते, ही आमच्यासारख्या गावांना सर्वांत सोयीची बाब आहे. ॲप उघडल्यावर प्रयोगांची यादी दिसते आणि जो सेन्सर फोनमध्ये नाही त्याचे प्रयोग फिकट दिसतात. मेनू इंग्रजीत आहे, पण मुले तीन दिवसांत सरावतात. शिक्षकांना थोडा जास्त वेळ लागतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

ॲप उतरवण्याचे काम जेथे रेंज चांगली आहे तेथे, म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी गेल्यावर, करून ठेवावे. प्रयोगाच्या वेळी फोन फ्लाइट मोडवर ठेवावा. ऐन मोजणीत घरून फोन आला की घेतलेले माप वाया जाते आणि मुलांचे लक्षही उडते. सकाळी वीज असेल याचा भरवसा नसल्यामुळे फोन रात्रीच चार्ज करून ठेवलेला बरा.

आणखी एक गोष्ट तयारीतच मोडते. वर्गात फोन आला की तो आपोआप मुलग्यांच्या हाती जातो आणि मुली आकडे लिहून घेतात. हे कोणी ठरवून करत नाही, पण होते. म्हणून पहिल्याच दिवशी पाळ्या लावून द्याव्यात: आज जिने फोन हाताळला तिने उद्या टेप धरावा, परवा नोंद करावी. मी हे उशिरा केले, तेव्हा वर्गातली सर्वांत काटेकोर मोजणारी मुलगी दोन महिने नुसती वही भरत होती, असे लक्षात आले.

ध्वनीचा वेग: पहिला प्रयोग हाच करावा

दोन फोनवर फायफॉक्समधील ‘अकूस्टिक स्टॉपवॉच’ उघडावे. हे घड्याळ आवाजाने सुरू होते आणि पुढच्या आवाजाने थांबते. किती मोठ्या आवाजाला घड्याळाने दाद द्यावी, ही मर्यादा आधी ठरवून घ्यावी लागते. आजूबाजूची कुजबुज आणि वारा यांनी ते सुरू होऊ नये, पण टाळीने नक्की व्हावे, इतपत. दोन्ही फोन जमिनीवर किंवा एकसारख्या उंचीच्या दोन बाकांवर बरोबर 10 मीटर अंतरावर ठेवावेत. अंतर फोनपासून फोनपर्यंत मोजायचे आहे, हे मुद्दाम सांगतो; का, ते पुढे समजेल.

पहिला विद्यार्थी पहिल्या फोनशेजारी उभा राहून एक खणखणीत टाळी वाजवतो. त्याच्याजवळचे घड्याळ लगेच सुरू होते. दुसरे घड्याळ मात्र आवाज 10 मीटर चालून गेल्यावर सुरू होते. दोन-तीन सेकंदांनी दुसरा विद्यार्थी दुसऱ्या फोनशेजारी टाळी वाजवतो. आता दुसरे घड्याळ लगेच थांबते आणि पहिले थोडे उशिरा. म्हणजे दुसरे घड्याळ उशिरा सुरू होऊन लवकर थांबले आणि पहिले लवकर सुरू होऊन उशिरा थांबले. दोन्हींवरच्या वेळांतला फरक हा आवाजाला एकदा जाण्यास आणि एकदा येण्यास लागलेला, म्हणजे 20 मीटर अंतराचा वेळ होय. 20 ला त्या फरकाने भागले की वेग मिळतो. हवा 30 अंश सेल्सियसच्या आसपास असेल तर हा फरक सुमारे 0.057 सेकंद येतो आणि वेग सेकंदाला 350 मीटरच्या जवळ निघतो.

आमच्या वर्गात पहिल्या दिवशी उत्तर 402 आले. फोन बिघडला असावा, ॲप चुकीचे असावे, पुस्तकच चुकीचे असावे, असे सर्व तर्क झाले. शेवटी टेप पुन्हा लावला तेव्हा उलगडा झाला: मुलांनी अंतर फोनमधले न मोजता टाळी वाजवणाऱ्या दोघांच्या पायांमधले मोजले होते, आणि ते दोघे आपापल्या फोनच्या मागे सरकून उभे होते. फोनमध्ये 10 मीटर होते आणि हिशेबात 11.5 मीटर धरले गेले होते. ही चूक सापडण्यासाठी जो पाऊण तास गेला, तो मला त्या वर्षातला सर्वांत चांगला तास वाटतो. म्हणून शिक्षकांना विनंती अशी की चूक दिसली तरी लगेच बोट दाखवू नये. मुलांना शोधू द्यावी.

प्रयोग एकदा करून थांबू नये. दहा वेळा करावा, दहाही उत्तरे लिहावीत, एकही ‘वाईट’ म्हणून खोडू नये, आणि मग सरासरी काढावी. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे उत्तर यांतले अंतरही लिहावे, कारण आपले माप कितपत विश्वासाचे आहे ते त्यावरूनच कळते.

यापुढची पायरी खास आपल्या हवेची आहे. ध्वनीचा वेग 0 अंशाला सुमारे 331 मीटर असतो आणि तापमान एक अंशाने वाढले की तो सुमारे 0.6 मीटरने वाढतो. परभणीकडे डिसेंबरच्या पहाटे पारा 10 अंशांपर्यंत आणि कधी त्याहीखाली जातो, तर मे महिन्यातल्या दुपारी 40 च्या वर चढतो. म्हणजे एकाच अंगणात तोच आवाज हिवाळ्यात सेकंदाला 337 मीटर आणि उन्हाळ्यात 355 मीटर या वेगाने जातो. दोन घड्याळांतला फरक यामुळे सुमारे 3 सहस्रांश सेकंदाने बदलतो. दहा-दहा मापांची सरासरी घेतली तर फोनला तो दिसतो. तापमान मात्र फोन दाखवतो ते घेऊ नये, ते बहुधा फोनच्या बॅटरीचे असते. भिंतीला टांगायचा साधा तापमापक आणून सावलीत लावावा.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून त्यांना 3 ने भागले की वीज किती किलोमीटरवर पडली हे कळते, तेही याच प्रयोगातून मुले स्वतः काढतात. ही मोजणी घरात बसून करायची आहे, शेतात किंवा झाडाखाली उभे राहून नव्हे. आपल्या भागात वळिवाच्या पावसात वीज पडून दरवर्षी माणसे आणि जनावरे दगावतात. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजेची सूचना देते, ते पालकांच्या फोनवर असावेच.

पाऊस आणि विहीर

पर्जन्यमापक विकत आणण्याची गरज नाही. कोल्ड्रिंकची 2 लिटरची, सरळ बाजूंची बाटली घेऊन ती खांद्यापाशी कापावी आणि कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवावा. बाटलीचा तळ वेडावाकडा असतो, म्हणून त्यात खडे टाकून सरळ भाग सुरू होतो तेथपर्यंत पाणी भरावे आणि तेथे शून्याची रेघ मारून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. बाटली वाऱ्याने पडू नये म्हणून विटांमध्ये रोवावी आणि भिंत किंवा झाड जेवढे उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर उघड्यावर ठेवावी. दररोज सकाळी साडेआठ वाजता पाणी वाचावे, लिहावे, आणि पातळी पुन्हा शून्यावर आणून ठेवावी. भारतीय हवामान विभागही पाऊस सकाळी साडेआठलाच मोजतो; वेळ तीच ठेवली की आपले आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी मांडता येतात.

1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 चौरस मीटर जागेवर 1 लिटर पाणी, हे एकदा मुलांना पटले की गणित आपोआप सुरू होते. एप्रिल 2016 मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. 12 एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. मी वर्गाला प्रश्न दिला की एवढे पाणी किती छपरांवर पडते. 100 चौरस मीटरच्या छपरावर 20 मिलिमीटरचा एक पाऊस झाला तर 2,000 लिटर पाणी पडते, म्हणजे तशी 250 छपरे झाली की एका पावसात एक गाडी भरते. आमच्या गावात घरे त्याहून जास्त आहेत. मुले बराच वेळ काही बोलली नाहीत, मग एकाने विचारले की पन्हळाचे पाणी शाळेच्या हौदात का सोडत नाही. त्याला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते; पुढच्या पावसाळ्याआधी पन्हळ हौदाला जोडले.

पर्जन्यमापकाचा दुसरा उपयोग मुलांपेक्षा पालकांना लवकर समजतो. एका दिवसात 65 मिलिमीटर पाऊस झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरली जाते, आणि ते माप मंडळातल्या एका केंद्रावरचे असते. एका शिवारात धो-धो आणि शेजारच्या शिवारात कोरडे, हे आपण नेहमी पाहतो. बाटलीतल्या पाण्याने कोणाला नुकसानभरपाई मिळणार नाही, आणि तशी आशा दाखवूही नये. पण एकाच दिवसाची दोन मापे वेगळी का येतात, एका ठिकाणच्या मापावरून मोठ्या क्षेत्राबद्दल किती बोलता येते, हा प्रश्न विज्ञानातल्या कठीण प्रश्नांपैकी एक आहे आणि तो येथे आठवीतल्या मुलापुढे शेतासकट उभा राहतो. चार वाड्या-वस्त्यांवरच्या मुलांनी चार बाटल्या लावल्या, तर तो आणखी चांगला उभा राहतो.

याच्या जोडीला विहीर मोजावी. आपल्याकडे विहिरीची खोली ‘परस’ या जुन्या मापात सांगतात. वस्तीवरच्या एखाद्या आजोबांना विचारून त्यांचा एक परस किती सेंटिमीटरचा भरतो ते आधी मोजून घ्यावे, मग दर महिन्याच्या 1 तारखेला, मोठे माणूस बरोबर घेऊन आणि कठडा असलेल्याच विहिरीवर, वजन बांधलेल्या टेपने काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर घ्यावे. पाऊस आणि पाण्याची पातळी हे दोन्ही आकडे फोनवरच्या शीटमध्ये भरून एकाच आलेखात काढले की जूनमध्ये पाऊस पडूनही विहीर लगेच वर येत नाही, हे दिसते. आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे. पाणी साठते ते त्याच्या झिजलेल्या थरांत आणि भेगांत. हे भूगोलाच्या पुस्तकात आहेच, परंतु स्वतः काढलेल्या आलेखातली ती उशिराची चढण पाहिल्यावर त्या वाक्याला वजन येते.

जमिनीची थरथर

फायफॉक्समधील त्वरणाचा प्रयोग सुरू करून फोन बाकावर ठेवावा. कोणी न हलताही रेघ किंचित थरथरत राहते. मग एका मुलाने पाय आपटावा, दुसऱ्याने दाराची कडी लावावी, रस्त्याने ट्रॅक्टर जाऊ द्यावा. प्रत्येकाची खूण वेगळी उमटते. कोणती खूण कशाची हे फक्त फोनवरची रेघ पाहणाऱ्या गटाने ओळखायचे, असा खेळ लावला की तास संपल्याचेही कळत नाही.

मराठवाड्यात हा प्रयोग नुसता खेळ राहत नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला झालेल्या 6.2 तीव्रतेच्या भूकंपात सुमारे 10 हजार माणसे गेली. ज्या घरांत ती आठवण आहे तेथे मुलांना ती जपून विचारायला सांगावे. भूकंपाच्या वेळी आधी प्राथमिक लहर येते, कवचातून तिचा वेग सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर असतो. मोठे नुकसान करणारी दुय्यम लहर सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने मागून येते. दोन्हींत जितके सेकंद अंतर, तितक्या आठांनी, म्हणजे सेकंदाला साधारण 8 किलोमीटर या हिशेबाने, केंद्र दूर आहे असे काढता येते. लाखो अँड्रॉइड फोनमधल्या याच त्वरणमापकांनी पहिली थरथर एकदम टिपली तर दूरच्या फोनना काही सेकंद आधी इशारा देता येतो; गुगलने ही सोय भारतात सप्टेंबर 2023 मध्ये सुरू केली. केंद्राच्या अगदी जवळच्या गावाला तिचा उपयोग होत नाही, कारण तेथे दोन्ही लहरी जवळजवळ एकाच वेळी पोहोचतात. हे का, ते मुलांना वरच्या आकड्यांवरून काढू द्यावे.

याच धाग्याने हिंगोलीपर्यंत जाता येते. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे अतिसूक्ष्म तरंग, टिपणारी वेधशाळा होत आहे. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंच्या लांबीत पडणारा, प्रोटॉनच्या व्यासाहून हजारो पटींनी लहान असा फरक तेथे मोजायचा आहे. त्यासाठी जागा शांत हवी, रेल्वे, कारखाने आणि वाहनांच्या कंपनांपासून दूर हवी. बाकावरच्या फोनने ट्रॅक्टर टिपला हे पाहिलेल्या मुलाला ही अट समजावून सांगावी लागत नाही.

वाचन, चित्रफिती आणि एआय

याविषयी थोडक्यातच लिहितो, कारण सगळे जण येथूनच सुरुवात करतात आणि येथेच थांबतात. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपने स्कॅन केले की त्या पाठाचे साहित्य उघडते. ई-बालभारतीवरून पुस्तकांच्या पीडीएफ मिळतात. मराठी विकिपीडिया ‘किविक्स’ या ॲपद्वारे पूर्ण उतरवून इंटरनेटशिवाय वाचता येतो. एका फोनवर उतरवून मेमरी कार्डाने इतरांना देता येतो. कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ ही अनुरूपणे, म्हणजे पडद्यावर हाताळता येणारे प्रयोग, विजेचे परिपथ आणि अणूंची रचना यांसाठी फार चांगली आहेत, कारण या दोन गोष्टी अंगणात दाखवता येत नाहीत. पानाखालची रंध्रे पाहायची असतील तर स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी तयार केलेला ‘फोल्डस्कोप’ हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक सुमारे 140 पट मोठे दाखवतो आणि त्यावर फोनचा कॅमेरा लावून फोटो घेता येतो. कापसाचे पान घ्यावे. मुलांना ते हरभऱ्याच्या दाण्यासारखे ओळखीचे असते.

एआयला मराठीत प्रश्न विचारणे आता मुलांना येते, आणि त्यांना त्यापासून दूर ठेवणे मला शक्यही वाटत नाही व योग्यही. माझा नियम एवढाच आहे की आकडा त्याच्याकडून घ्यायचा नाही. चुकीचा आकडाही ते तितक्याच ठामपणे सांगते, आणि ज्याने स्वतः काही मोजलेले नाही त्याला चूक ओळखण्याचे साधनच नसते. उलट, आपल्या दहा मापांची यादी देऊन ‘यात काय चुकले असू शकेल, मला एकेक प्रश्न विचार’ असे सांगितले, तर ते चांगल्या सोबत्यासारखे उपयोगी पडते.

नोंदवही

मापे फोनमध्ये राहिली तर फोन बदलला की जातात. म्हणून जाड पुठ्ठ्याची एक वही वर्गात दोरीने बांधून ठेवावी. तारीख, वेळ, मोजणाऱ्याचे नाव, साधन, माप, एकक आणि शेवटी ‘शंका’ असा एक रकाना आखावा. पेनानेच लिहावे, खोडरबर वापरू नये. चुकले तर एक आडवी रेघ मारून शेजारी नवे माप लिहावे. शंकेच्या रकान्यात आमच्या मुलांनी लिहिलेल्या काही गोष्टी अशा आहेत: ‘बाटलीत पाल होती’, ‘रात्री गुरांनी धक्का दिला असेल’, ‘मी उशिरा आलो, नऊ वाजले होते’. शेवटची नोंद करणाऱ्याला मी शिक्षा केली नाही, हे त्या वहीच्या दृष्टीने फार महत्त्वाचे ठरले.

सावली: ऊसतोडीला गेलेल्या मुलांसह करायचा प्रयोग

दसरा झाला की आमच्या पट्ट्यातली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. कोयता घेऊन जाणाऱ्या आई-वडिलांबरोबर वर्गातली काही मुलेही सांगली-कोल्हापूरकडे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांच्यासाठी चित्रफिती पाठवून पाहिल्या. फडावर दिवसभर राबून थकलेल्या माणसांच्या एका फोनवर त्या कोणी पाहिल्या नाहीत, आणि त्याचा दोष मी त्यांना देत नाही. उपयोगी पडला तो असा प्रयोग, जो गावात राहिलेल्यांना त्या मुलांवाचून करताच येत नाही.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने दोन गावांतल्या मध्यान्हीच्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढला. त्यासाठी एकमेकांच्या उत्तर-दक्षिणेस दूर असलेली दोन ठिकाणे लागतात. बीड साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि कोल्हापूर 16.7 अंशांवर. आमची मुले कोल्हापूरकडच्या फडावर असतात, म्हणजे दुसरे केंद्र आपोआप तयार असते.

कृती अशी. 22 डिसेंबरला दोन्हीकडे बरोबर 1 मीटर उंचीची सरळ काठी सपाट जागेवर उभी करावी; दोऱ्याला दगड बांधून केलेल्या ओळंब्याने ती दोन बाजूंनी तपासावी. बारा वाजल्यापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने किंवा खुंटीने खुणावे. मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही: त्या दिवशी बीडला ती 12 वाजून 25 मिनिटांच्या सुमारास आणि कोल्हापूरला 12 वाजून 32 मिनिटांच्या सुमारास होते, कारण आपली प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे आणि आपण तिच्या पश्चिमेला आहोत. सर्वांत आखूड सावली हेच मध्यान्हीचे माप. सावलीचे टोक धारदार नसते, दीड-दोन सेंटिमीटरची अंधूक पट्टी असते. दोघांनीही त्या पट्टीचा मध्य घ्यायचा हे फोनवर आधी ठरवून घ्यावे, नाहीतर सगळा फरक त्या पट्टीतच हरवतो.

बीडला सावली सुमारे 91 सेंटिमीटर आणि कोल्हापूरला सुमारे 84 सेंटिमीटर यायला हवी. फडावरच्या मुलाने माप आणि फोटो पाठवायचा, एवढेच; डेटा कमी असेल तर आवाजी निरोप पुरतो. फोनमधले गणकयंत्र आडवे केले की त्यात टॅन इन्व्हर्स सापडते. सावलीची लांबी मीटरमध्ये घालून कोन काढला की बीडला तो सुमारे 42.4 अंश आणि कोल्हापूरला सुमारे 40.1 अंश येतो, फरक 2.3 अंश. आता नकाशावर दोन्ही ठिकाणांमधले फक्त उत्तर-दक्षिण अंतर पट्टीने मोजावे, ते सुमारे 254 किलोमीटर भरते. रस्त्याचे किंवा थेट तिरके अंतर येथे चालत नाही, आणि पहिल्या प्रयत्नात सगळे गट नेमके तेच घेतात. 2.3 अंशांना 254 किलोमीटर, तर पूर्ण वर्तुळाच्या 360 अंशांना किती, हे काढायचे: 254 ला 360 ने गुणून 2.3 ने भागले की सुमारे 39,800 किलोमीटर येतात. ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा परीघ 40,008 किलोमीटर आहे. सावलीत अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तरी उत्तर बरेच हलते, म्हणून चार-पाच हजार किलोमीटर इकडे-तिकडे आले तर नाराज होऊ नये. ती चूक कोठून आली, ते शंकेच्या रकान्यात लिहावे.

मे महिन्यात मुले परत आलेली असतात. तेव्हा शून्य सावलीचा दिवस पाहावा: लातूरला तो 13 मेच्या आसपास येतो, छत्रपती संभाजीनगरला 20 मेच्या आसपास, आणि मधल्या गावांना मधल्या तारखांना. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ मोकळे सापडणे अवघड. शाळेला सुटी असते, तरी अंगणात काठी लावायला कोणाची परवानगी लागत नाही.

डिसेंबरच्या प्रयोगासाठी काठी, दोरा आणि टेप ही सामग्री मुले निघण्यापूर्वी, दसऱ्याआधीच त्यांच्याजवळ द्यावी. तिकडे गेल्यावर 1 मीटरची काठी मिळते, पण मोजायला टेप मिळत नाही. 22 तारखेला ढग आले किंवा मुकादमाने फड बदलला, तर 21 किंवा 23 तारखेला मोजले तरी चालते, त्या तीन दिवसांत मध्यान्हीची सावली फोनला किंवा टेपला कळेल इतकी बदलत नाही.